समूह मानसोपचार आणि ‘मी’ची ओळख : अमरावती-अकोल्याच्या संदर्भात

मानसिक त्रासातून जाणाऱ्या काही व्यक्तींनी प्रशिक्षित उपचारकासोबत ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एकत्र बसून घ्यायचा उपचार म्हणजे समूह मानसोपचार. यात मुख्य साधन असते ते बोलणे, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्याचे ऐकणे. गोळ्या सुरू असल्या तरी हा उपचार घेता येतो.

या उपचाराचा माणसाच्या ‘मी कोण’ या जाणिवेशी जवळचा संबंध आहे. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या जिल्ह्यांत, हा संबंध जिवाशी भिडतो. शेतकरी आत्महत्यांमुळे हा भाग गेली अनेक वर्षे चर्चेत आहे. कर्ज, नापिकी, पाण्याची वानवा आणि पडलेले भाव ही त्याची कारणे खरीच आहेत. पण त्याच अडचणीत सापडलेला एखादा माणूस ‘माझ्यावर कर्ज आहे’ असे म्हणतो, तर दुसरा ‘मी म्हणजे कर्जच’ अशा अवस्थेला पोहोचतो. पहिल्या वाक्यात माणूस आणि कर्ज वेगळे आहेत, दुसऱ्यात माणूस उरलेलाच नाही. हे अंतर समजून घ्यायला समूह मानसोपचाराचा अभ्यास उपयोगी पडतो.

समूह मानसोपचार कसा चालतो?

गटात साधारण सहा ते दहा जण असतात आणि एक किंवा दोन उपचारक. बैठक बहुधा आठवड्यातून एकदा, तास-दीड तासाची असते. काही गट ‘बंद’ असतात, म्हणजे जे सुरुवातीला आले तेच शेवटपर्यंत राहतात. काही ‘खुले’ असतात, त्यात एक जण बरा होऊन गेला की नवा येतो.

नियम मोजकेच असतात. इथे ऐकलेले बाहेर सांगायचे नाही, वेळेवर यायचे, कोणाला हिणवायचे नाही, आणि गट सोडायचा असेल तर सर्वांना सांगून सोडायचा. बोलण्याची सक्ती नसते. गटात घेण्याआधी उपचारक प्रत्येकाला एकेकटे भेटतो, त्याचा त्रास समजून घेतो आणि गट त्याच्यासाठी योग्य आहे का ते ठरवतो.

इथे एक शंका साहजिक आहे. वऱ्हाडात माणसे एकत्र बसतातच की! पारावर गप्पा होतात, महिलांचे बचत गट आहेत, गावोगावी भजनी मंडळे आहेत, मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांनी रुजवलेली सामुदायिक प्रार्थना आहे. या सगळ्याने माणसाला आधार मिळतो, आणि तो आधार लहान नाही. पण पारावर माणूस आपली रोजची ओळख सांभाळूनच बसतो. अमक्याचा मुलगा, तमक्या भावकीतला, एवढ्या एकरांचा धनी. बचत गटात हप्त्याचा हिशेब असतो, प्रार्थनेत सगळे एकच शब्द म्हणतात. समूह मानसोपचारात मात्र प्रत्येकाने आपापले शब्द शोधायचे असतात, आणि नेहमीची ओळख थोडी बाजूला ठेवण्याची मुभा असते. फरक इथे आहे.

पद्धतीचा उगम

जुलै १९०५मध्ये बॉस्टन शहरात डॉ. जोसेफ प्रॅट यांनी गरीब क्षयरोग्यांचा एक ‘वर्ग’ सुरू केला. महागड्या आरोग्यधामात जाणे परवडत नसलेल्या या रुग्णांना घरीच स्वच्छता, विश्रांती आणि आहार कसा सांभाळायचा हे शिकवणे एवढाच त्यांचा हेतू होता. पण आठवड्यातून एकदा भेटणारे हे रुग्ण एकमेकांना धीर देऊ लागले, आणि माहिती देण्यापलीकडे काहीतरी घडते आहे हे प्रॅट यांच्या लक्षात आले.

‘समूह मानसोपचार’ हा शब्दप्रयोग रूढ केला तो जेकब मोरेनो यांनी, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात मनाने खचलेल्या सैनिकांची संख्या मोठी आणि डॉक्टर थोडे होते. तिथे विल्फ्रेड बियॉन आणि एस. एच. फौक्स यांनी गटाचा उपयोग करून पाहिला. फौक्स यांनी पुढे मांडलेला विचार आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे. त्यांच्या मते व्यक्ती म्हणजे सुटा मणी नाही, ती नात्यांच्या जाळ्यातली एक गाठ आहे. गाठ सैल करायची तर जाळ्यालाही हात लावावा लागतो.

१९७०मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी समूह मानसोपचारावर लिहिलेला ग्रंथ आजही या क्षेत्रातला मुख्य पाठ्यग्रंथ मानला जातो. गटामुळे माणूस बरा का होतो, याचे अकरा घटक त्यांनी सांगितले आहेत. ‘हे फक्त माझ्याच वाट्याला आलेले नाही’ हे कळणे, बरे होणाऱ्याला पाहून आशा वाटणे, दुसऱ्याच्या उपयोगी पडणे आणि आपण कसे वागतो हे इतरांकडून कळणे, हे त्यांतले काही.

‘मी’ कशाने बनतो?

मी कोण आहे, हे माणसाला एकट्याने ठरवता येत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२मध्ये ‘आरशातला मी’ अशी कल्पना मांडली. लोक आपल्याकडे कसे पाहत असतील, याचा आपण अंदाज बांधतो आणि त्या अंदाजावरून स्वतःविषयीचे मत बनवतो. यात मेख अशी की आपण लोकांचे खरे मत पाहत नाही, आपण केलेला अंदाज पाहतो. अंदाज चुकला तरी ‘मी’ त्याच्यावरच उभा राहतो.

गावातल्या शेतकऱ्याचा ‘मी’ बहुतेकदा एका शब्दावर उभा असतो. तो शब्द म्हणजे ‘कर्ता’. घर चालवणारा, लेकीचे लग्न करून देणारा, बियाण्याची आणि खताची सोय लावणारा, चार जणांत शब्द टिकवणारा. हा शब्द माणसाला बळ देतो, पण त्यात आजारी पडायला, हरायला, मदत मागायला जागा नसते. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचे पाणीच खारट असल्यामुळे शेती पावसावर टाकलेली असते. तिथे एक-दोन हंगाम हातचे गेले की पैशाबरोबर ‘कर्ता’ ही ओळखही जाते. लोक आपल्याला नालायक समजतात, असा अंदाज मनात पक्का होतो. मग माणूस लग्नकार्य टाळतो, बाजाराच्या दिवशी घरी बसतो, पारावरून न जाता मागच्या रस्त्याने जातो. जितका दूर जातो तितका तो अंदाज खोटा ठरण्याची संधी कमी होते. एकटेपण आणि नैराश्य असे एकमेकांना पोसतात.

बाईच्या बाबतीत गोष्ट वेगळी असते. पती गेल्यावर तिची ओळख इतरच ठरवतात. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात सरकारी मदतीसाठी जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणाचे, ते थकले होते का, अशी पडताळणी होते आणि प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. पात्र ठरल्यास एक लाख रुपये मिळतात. घरात ती ‘त्याच्यामागे राहिलेली’, गावात ‘आत्महत्याग्रस्त कुटुंबातली’, फाइलमध्ये पात्र किंवा अपात्र. ती स्वतःला काय म्हणते, हे विचारणारी जागा मात्र नसते.

गटात नेमके काय घडते?

पुढचा प्रसंग कल्पित आहे, पण गटात अशा गोष्टी घडतात. आठ पुरुषांचा गट आहे, पाचवी बैठक आहे. पंचेचाळिशीचा एक शेतकरी म्हणतो, “मी काही कामाचा नाई राह्यलो. पोराची फी नाई भरू शकलो, मंग बाप कायचा मी?”

थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग समोरचा तरुण म्हणतो, “काका, मागच्या बुधवारी मले रडू आलं, तवा पानी कोनं आनून देल्लं? तुमीच ना? माह्या बापानंही असं कधी केलं नाई.”

उपचारक एवढेच विचारतो, “काका, हे ऐकून कसं वाटलं?”

इथे तीन गोष्टी घडल्या. पहिली, ‘मी बिनकामाचा’ या समजुतीला बाधा आणणारा पुरावा मिळाला. तो उपदेशातून आला नाही, त्याच खोलीत, सर्वांसमोर घडलेल्या गोष्टीतून आला. दुसरी, तो पुरावा डॉक्टरने दिला नाही. डॉक्टरने कौतुक केले तर ‘ते त्यांचे कामच आहे’ असे म्हणून माणूस ते झटकतो. आपल्यासारख्याच त्रासात असलेल्याचे बोलणे झटकणे अवघड जाते. तिसरी, ‘बाप’ या शब्दाचा अर्थ रुंदावला. फी भरणारा तो बाप, आणि रडणाऱ्याला पाणी देणारा तोही बाप.

गट नेहमी गोडच बोलतो असे नाही. दुसऱ्या एखाद्या सदस्याला ऐकावे लागते, “भाऊ, तुमी सगळ्याइले सल्ला देता, पन सोताचं काईच नाई सांगत.” गावात मोठेपणा सांभाळण्यासाठी वापरलेली ढाल तो गटातही घेऊन आलेला असतो. घरात आणि गावात माणूस जसा वागतो, तसाच तो काही आठवड्यांनी गटात वागू लागतो. म्हणूनच ते वागणे पाहता येते, त्यावर बोलता येते आणि वेगळे वागून पाहता येते.

गटामुळे कर्ज फिटत नाही. ‘मी’ आणि ‘माझी अडचण’ यांच्यात थोडी फट पडते, एवढेच. पण त्या फटीत पुढचे पाऊल टाकण्याची जागा असते. बँकेत जाणे, भावाशी बोलणे, औषध सुरू करणे, या गोष्टी तिथून शक्य होतात.

वऱ्हाडातले प्रयत्न

निखळ समूह मानसोपचार आपल्याकडे मुख्यतः मोठ्या शहरांत आणि व्यसनमुक्ती केंद्रांत दिसतो. वऱ्हाडात मात्र त्याच्या जवळचे काही महत्त्वाचे प्रयत्न झाले आहेत.

‘विश्राम’ हा त्यांतला सर्वाधिक अभ्यासला गेलेला उपक्रम. विदर्भातील ताण आणि आरोग्य यांवरच्या या कार्यक्रमाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ‘विश्राम’ हा शब्द तयार झाला आहे. गोव्याच्या ‘संगाथ’ या संस्थेच्या पुढाकाराने तो अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांच्या छोट्या बैठका घेऊन मानसिक आरोग्याविषयी बोलायचे, त्रासात असलेल्यांना पहिला आधार द्यायचा, त्यापुढे प्रशिक्षित समुपदेशक आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञ, अशी त्याची उतरंड होती. ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात २०१७मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी त्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होते, अठरा महिन्यांनी ते २७.२ टक्के झाले. मदत घेणे म्हणजे आधी ‘मला त्रास आहे’ हे स्वतःशी आणि मग दुसऱ्याशी मान्य करणे. हे मान्य करणारी माणसे सहा पटींनी वाढली, हा या आकड्यांचा अर्थ.

राज्य सरकारचा ‘प्रेरणा प्रकल्प’ २०१५-१६च्या सुमारास विदर्भ आणि मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही होते. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणे असलेल्या व्यक्ती ओळखायच्या आणि जिल्हा रुग्णालयातील पथकाकडे पाठवायच्या, अशी त्याची रचना होती.

अमरावतीला याहून जुना एक दाखला आहे, तो मानसोपचाराचा नाही, पण ओळखीचा आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६मध्ये शहराजवळ कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले. त्या काळी कुष्ठरोग झाला की माणसाचे नाव, गाव, नाते सगळे पुसले जाई आणि ‘महारोगी’ एवढाच शब्द उरे. तपोवनात माणसे एकत्र राहिली आणि हाताने कामे करू लागली. तिथे रोग सगळ्यांनाच होता, त्यामुळे रोगावरून कोणाची ओळख होणे थांबले. कोण सुतारकाम करतो, कोण विणकाम, यावरून ती होऊ लागली. समदुःखी माणसांमध्ये दुःख ही खूण राहत नाही आणि बाकीचा माणूस दिसू लागतो. समूह मानसोपचार लहान प्रमाणात हेच करतो.

युगांडाचा अनुभव

खेड्यात, मनोविकारतज्ज्ञांशिवाय, खरा समूह मानसोपचार चालतो का? याचे एक ठोस उत्तर आफ्रिकेतील युगांडा देशातून मिळाले. तिथल्या दक्षिण भागातील ३० गावांत संशोधकांनी आधी लोकांना विचारले की तुमच्या भाषेत या त्रासाला काय म्हणतात. दोन शब्द पुढे आले. एकाचा अर्थ स्वतःचा तिटकारा येणे, दुसऱ्याचा अर्थ स्वतःची कीव येणे. दोन्ही शब्द ‘स्वतः’भोवतीच फिरतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मग काही गावांत स्थानिक लोकांना थोड्या काळात प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी पुरुषांचे आणि स्त्रियांचे वेगवेगळे गट चालवले गेले. दर आठवड्याला दीड तास, असे सोळा आठवडे. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गटांत सहभागी झालेल्यांमध्ये तीव्र नैराश्याचे प्रमाण ८६ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर आले. जिथे गट नव्हते तिथेही ते उतरले, पण ९४ टक्क्यांवरून ५४.७ टक्क्यांपर्यंतच. २०१६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच पद्धतीची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली.

नवे लेबल लागण्याचा धोका

गट ओळख मोकळी करतो, तशी नवी ओळख चिकटवूही शकतो. १९३५मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या आणि आज महाराष्ट्रातही सभा भरवणाऱ्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’मध्ये सदस्य आपले पहिले नाव सांगून ‘मी मद्यपी आहे’ असे म्हणतो. हा उपचारकाविना चालणारा स्वमदत गट आहे. ‘बेवडा’ म्हणून इतरांनी मारलेला शिक्का आणि ‘मद्यपी’ म्हणून स्वतः उच्चारलेला शब्द यांत मोठा फरक आहे, दुसऱ्यात जबाबदारी आहे. अनेकांना याच वाक्याने सावरले. काहींना मात्र तीच ओळख आयुष्यभर वागवणे जड जाते.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी व्यक्तींच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. तिथे बाईला ‘त्याची बायको’ याखेरीज स्वतःविषयी बोलता येते. वऱ्हाडात एकट्या राहिलेल्या स्त्रियांसाठी गट करताना हाच विचार लागेल. ‘शेतकरी विधवांचा गट’ असा फलक लावला तर त्यांना त्याच ओळखीत कोंडल्यासारखे होईल. चांगला गट सदस्यांना एका दुःखामुळे एकत्र आणतो, पण त्या दुःखापुरते ठेवत नाही.

गावातली खरी अडचण

पाश्चात्त्य पद्धतीत गटातले सदस्य एकमेकांना अनोळखी असतात. दीड-दोन हजार वस्तीच्या गावात अनोळखी कोणीच नसते. समोर बसलेला चुलतभाऊ असतो, सावकाराचा पाहुणा असतो किंवा बांधावरून वाद असलेला शेजारी. शिवाय जात आणि जमीन यांनुसार कोण किती बोलणार, हे आधीच ठरलेले असते. ‘इथले बाहेर जाणार नाही’ हा नियम अशा ठिकाणी सर्वांत आधी मोडतो, आणि एकदा मोडला की पुन्हा कोणी तोंड उघडत नाही.

यावर काही व्यवहारी उपाय आहेत. वेगवेगळ्या गावांतील लोकांचा गट बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी घेता येतो. त्या दिवशी कोण कुठे गेले, याची चौकशी होत नाही. पुरुष आणि स्त्रियांचे गट वेगळे ठेवता येतात. पेरणी, कापूस वेचणी आणि सोयाबीन काढणीचे दिवस टाळून वेळापत्रक आखता येते. गोपनीयता हा सौजन्याचा भाग नाही, हेही सर्वांना सांगावे लागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ने रुग्णाला तो हक्क दिला आहे.

कोणासाठी योग्य, कोणासाठी नाही?

सौम्य ते मध्यम नैराश्य, चिंता, व्यसन, वियोगाचे दुःख आणि दीर्घ आजाराचा ताण यांत गटाचा चांगला उपयोग होतो. जीव देण्याचे विचार तीव्र असतील, भास होत असतील किंवा माणूस अतिशय अस्वस्थ असेल, तर आधी डॉक्टरांकडून वैयक्तिक उपचार हवा. गट नंतर. अप्रशिक्षित व्यक्तीने चालवलेला गट नुकसान करू शकतो. सर्वांसमोर बोलायला भाग पाडणे, धर्म किंवा वस्तू विकणे, औषध बंद करायला सांगणे, यांपैकी काही दिसले तर त्या गटातून उठून यावे.

अमरावती आणि अकोला येथील जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयांत, तसेच अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात, मानसिक आरोग्याची चौकशी करता येते. गावात आशाताईंकडून सुरुवात करता येते. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. जवळचा कोणी ‘मी आता कोणाच्याच कामाचा नाही’ असे म्हणू लागला, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये. त्याच्याजवळ बसावे, तो काय म्हणतो ते ऐकावे आणि त्याला मदतीपर्यंत सोबत करावी.